जहाजाचं तेल निवळणारं यंत्र आणि त्याची निगा

मागच्या महिन्यात चाकण–तळेगाव पट्ट्यातल्या गटांच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "इंदुरीला जहाजाचं कॉलेज आहे म्हणतात. समुद्र तर घाट उतरून मुंबईला. मग इथं इंद्रायणीच्या काठी पोरं जहाजाचं शिकतात तरी काय?" प्रश्न मला आवडला. इंदुरीत तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था 1998 पासून आहे, आणि जहाजाचं इंजिन चालवणारे इंजिनियर तिथं तयार होतात. त्यांना काय काय शिकावं लागतं ते सगळं एका भाषणात मावणार नाही. म्हणून आज मी त्यातलं एकच यंत्र घेते. हे यंत्र आपल्या दुधाच्या घरचं आहे, म्हणून.

त्या यंत्राला जहाजावर म्हणतात प्युरिफायर, म्हणजे तेल निवळणारं यंत्र. पुणे–लोणावळा लोकलनं जाताना दापोडी स्टेशन लागतं. त्या दापोडीत अल्फा लावल या स्वीडनच्या कंपनीचा कारखाना आहे. जगातल्या पुष्कळ जहाजांवर तेल साफ करणारी यंत्रं याच कंपनीची असतात. ही कंपनी 1937 पासून भारतात काम करते आहे. पण तिचं मूळ दुधात आहे.

गुस्ताफ द लावल नावाचा स्वीडनचा एक इंजिनियर होता. 1878 साली त्यानं दुधातून साय वेगळी करणारं फिरतं यंत्र बनवलं. तोवर तिकडच्या बायकाही आपल्यासारख्याच दूध पसरट भांड्यात रात्रभर ठेवायच्या आणि सकाळी वर आलेली साय काढायच्या. यंत्रानं ते काम मिनिटांवर आणलं. 1883 मध्ये त्यानं कंपनी काढली. पुढं 1890 च्या सुमाराला भांड्याच्या आत एकावर एक रचलेल्या शंकूच्या चकत्या घालायची युक्ती एका जर्मन माणसाकडून विकत घेतली गेली. त्या चकत्यांना अल्फा नाव पडलं, आणि कंपनीच्या नावातला अल्फा तिथूनच आला. आपल्याकडं डेअरीत मलई काढायचं मशीन असतं ना, हँडल फिरवलं की एका तोटीतून क्रीम आणि दुसरीतून फिकं दूध येतं? जहाजावरचं यंत्र त्याचंच थोरलं भावंड समजा. साय काढणारं तत्त्व आणि तेलातलं पाणी काढणारं तत्त्व एकच.

ते तत्त्व समजायला फार शिकलेलं असावं लागत नाही. पावसाळ्यात गढूळ पाणी हंड्यात भरून ठेवलं की काही तासांनी गाळ तळाशी बसतो. जड ते खाली जातं, हलकं वर राहतं. पण गाळ बारीक असला तर रात्र जाते, कधी तुरटी फिरवावी लागते. आता गोफण आठवा. गोफण गरागरा फिरवली की दगड बाहेर पळायला बघतो, आणि जितकी जोरात फिरवाल तितका जास्त ओढतो. प्युरिफायरमध्ये एक जाड पोलादी भांडं असतं, त्याला बाऊल म्हणतात. ते मिनिटाला हजारो फेरे घेतं. हंड्यात जड कण ज्या ओढीनं खाली जातो, तिच्या हजारो पट ओढ इथं त्याला बाहेरच्या कडेकडं खेचते. हंड्यात रात्र लागते ते काम इथं तेल वाहता वाहता होतं. गाळ सर्वांत बाहेर, त्याच्या आत पाणी, आणि मधे स्वच्छ तेल, असे तीन थर होतात. त्या शंकूच्या चकत्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फट असते. त्यामुळं कणाला फार लांब जावं लागत नाही, चकतीला टेकला की घसरत कडेला जातो.

आता जहाजाला इतकी उठाठेव कशासाठी? मोठं मालवाहू जहाज दिवसाला कित्येक टन इंधन खातं. ते आपल्या ट्रॅक्टरमधलं डिझेल नव्हे. बहुतेक वेळा ते जड इंधन असतं, रिफायनरीत पेट्रोल-डिझेल काढून झाल्यावर तळाशी उरलेलं. थंड असताना ते डांबरासारखं घट्ट. त्यात पाणी येतं, गंज येतो, आणि रिफायनरीत वापरलेल्या पदार्थाचे बारीक कण येतात. हे कण काचेसारखे कडक असतात. जहाजावरची माणसं त्यांना कॅट फाइन्स म्हणतात. इंजिनाच्या इंधन-पंपात पोलादावर पोलाद इतकं चिकटून चालतं की केसाच्या जाडीपेक्षाही कमी जागा असते. तिथं हे कण शिरले तर पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं. जहाजाच्या टाकीत येणाऱ्या इंधनात असे कण किलोमागं 60 मिलिग्रॅमपर्यंत चालतात असं आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. पण इंजिनात शिरताना ते 15 च्या वर नसावेत असं इंजिन बनवणारे सांगतात. साठ आणि पंधरा यांच्यातलं अंतर भरून काढायचं काम या एका यंत्राचं.

इंजिन भर समुद्रात बंद पडलं म्हणजे काय होतं? गाडी बंद पडली तर आपण रस्त्याच्या कडेला उभी करतो. जहाजाला कडा नाही. वारा आणि लाटा नेतील तिकडं ते जातं. 23 मार्च 2019 ला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ वायकिंग स्काय या प्रवासी जहाजाची इंजिनं वादळात बंद पडली. जहाजावर तेराशेहून जास्त माणसं होती. जहाज खडकांकडं वाहत निघालं, आणि चारशेहून जास्त लोकांना हेलिकॉप्टरनं एकेक करून उचलावं लागलं. कारण निघालं ते इतकंच, की इंजिनाला घालायचं वंगण-तेल टाक्यांमध्ये कमी होतं. जहाज डोलायला लागलं तसं पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली. तिथं प्युरिफायरचा दोष नव्हता. पण तेलाकडं रोज बघायचं काम किती मोठं असतं ते यातून कळतं.

तर आता निगा. जहाजावर बहुधा दोन-तीन प्युरिफायर असतात. एक चालतं, दुसरं तयार ठेवतात, आणि वंगण-तेलासाठी वेगळं असतं. इंजिन रूममध्ये पाळीवर आलेला माणूस आधी त्यांच्याजवळून फेरी मारतो. तो ऐकतो, हात लावतो, बघतो. आवाज रोजच्यासारखा आहे का? अंगावर थरथर जास्त जाणवते का? मोटर किती करंट घेते आहे? गिअरच्या तेलाची पातळी काचेच्या खिडकीत दिसते का, आणि ते तेल दुधाळ तर झालं नाही ना? दुधाळ झालं म्हणजे त्यात पाणी शिरलं. तेल तापलं आहे का? जड इंधन 98 अंशांपर्यंत तापवून यंत्रात सोडतात. थंड तेल घट्ट, आणि घट्ट तेलातून गाळ सुटत नाही. थंडीत तूप गाळायला बसलं तर काय होतं ते आपल्याला माहीतच आहे. शंभरच्या वर मात्र जाऊ द्यायचं नाही, कारण आतलं पाणीच उकळायला लागेल.

वेगाचंही तसंच. यंत्रातून तेल जितकं सावकाश जाईल तितकं जास्त निवळतं. इंजिन कमी खात असताना उगाच पूर्ण जोरानं तेल सोडू नये, हा अनुभवी माणसांचा नियम. घाईची चहागाळणी आणि सावकाशीची वस्त्रगाळ यांतला फरक तोच.

ठरावीक वेळानं बाऊल क्षणभर उघडून आतला गाळ बाहेर फेकतं. धप्प असा आवाज येतो आणि मोटरचा काटा किंचित हलतो. मुरलेला माणूस दुसऱ्या कोपऱ्यातून ऐकून सांगतो की या खेपेला नीट उघडलं नाही. ही उघडझाप पाण्याच्या दाबावर होते. पाणी क्षारयुक्त असलं तर बारीक छिद्रं बुजतात, जशी आपल्या गिझरची कॉइल पांढरी होते किंवा ठिबकच्या नळीची तोटी बंद होते. बाऊल बंदच झालं नाही तर स्वच्छ तेलच गाळाच्या टाकीत जायला लागतं. म्हणून गाळाची टाकी अचानक भरायला लागली की प्युरिफायरकडं धावायचं, हे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात.

जुन्या पद्धतीच्या प्युरिफायरमध्ये आणखी एक भानगड असते, ती थोडक्यात सांगते. तेल आणि पाणी यांची हद्द आत कुठं राहील ते एका चकतीच्या भोकावर ठरतं. हलक्या तेलाला मोठ्या भोकाची चकती, जड तेलाला लहान भोकाची. बंदर बदललं, इंधन बदललं की ही चकती तपासावी लागते. भोक गरजेपेक्षा मोठं झालं तर पाण्याच्या वाटेनं तेल निघून जातं. लहान झालं तर पाणी चकत्यांमध्ये घुसतं आणि तेल नीट साफ होत नाही. नव्या यंत्रांत यातलं बरंच काम इलेक्ट्रॉनिक डबा करतो. तरी तो डबा काय म्हणतो आहे हे माणसालाच कळावं लागतं.

आता खरं काम, म्हणजे यंत्र उघडणं. ते किती तास चालल्यावर उघडायचं हे त्या त्या यंत्राच्या पुस्तकात दिलेलं असतं. साधारणपणे काही हजार तासांनी छोटी देखभाल आणि वर्षाच्या आसपास मोठी. तास मोजायला यंत्रावर घड्याळ असतं आणि वहीत नोंद असते.

पहिला नियम प्रेशर कुकरचाच. वाफ जाईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही. इथं बाऊल पूर्ण थांबेपर्यंत एकही बोल्ट सैल करायचा नाही. मोटर बंद केली तरी ते जड पोलाद कितीतरी वेळ फिरत राहतं, आणि बाहेरून ते फिरतंय हे कळतही नाही. फिरणं दाखवणारी खूण थांबली, ब्रेक लावला, मग स्विच बंद, फ्यूज काढलेला, आणि स्विचवर पाटी, "काम चालू आहे, चालू करू नये". तेलाचे, पाण्याचे आणि वाफेचे कॉक बंद. ही पाटी लावायची शिस्त चाकणच्या कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही माहीत असते. घरी पिठाची गिरणी असेल तर पट्टा बदलताना आपणही ती पाळावी.

मग वरचं झाकण उघडतात. बाऊलचं डोकं एका मोठ्या आट्याच्या रिंगनं घट्ट बसवलेलं असतं. तिचे आटे पुष्कळ यंत्रांत उलटे असतात, म्हणजे नेहमीच्या नटाच्या विरुद्ध. कारण यंत्र वेग घेताना ती रिंग सैल न होता आवळत जावी. ज्याला हे माहीत नाही तो सोडवायच्या नादात आणखी आवळतो, नाहीतर आटे खातो. रिंग निघाली की साखळी-कप्पीनं डोकं उचलायचं आणि चकत्यांचा ढीग बाहेर काढायचा. शंभराच्या आसपास चकत्या, काळ्या चिकट गाळानं माखलेल्या. त्या रसायनात भिजत घालतात, मऊ ब्रशनं धुतात. पत्र्यानं किंवा चाकूनं खरवडायचं नाही. चरा पडला की पुढच्या खेपेला गाळ तिथंच धरतो. जळलेली कढई तारेनं घासून गुळगुळीत राहत नाही, तसंच.

धुऊन झालं की बघायचं काम. बाऊलच्या आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे आहेत का, कुठं केसासारखी चीर आहे का. चीर डोळ्याला दिसत नाही. म्हणून लाल रंगाचा फवारा मारून पुसतात, वर पांढरी भुकटी फवारतात. चीर असली तर लाल रेघ उमटते. इतक्या वेगानं फिरणारं भांडं चिरलं तर ते तोफगोळ्यासारखं फुटेल, म्हणून इथं "चालतंय, चालू दे" नाही.

रबराच्या सगळ्या रिंगा बदलायच्या. जुनी चांगली दिसते म्हणून ठेवायची नाही. कुकरची गॅस्केट दिसायला ठीक असते आणि तरी शिटी होत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. बेअरिंग मोठ्या देखभालीत बदलतात. गिअरचं तेल बदलतात. मोटरपासून बाऊलला फिरवणारा क्लच असेल तर त्याचे घर्षणाचे तुकडे सगळे एकदमच बदलायचे. एक नवा आणि तीन जुने लावले तर यंत्र थरथरतं. आणि त्यांना तेलाचा हात लावायचा नाही.

जोडताना सर्वांत मोठी चूक होते ती सुट्या भागांची अदलाबदल. एक बाऊल म्हणजे एक कुटुंब समजा. सगळे भाग मिळून त्याचा तोल साधलेला असतो. शेजारच्या यंत्राचं डोकं याला बसवलं तर बसतं, पण तोल जातो. म्हणून भागांवर नंबर कोरलेले असतात. रिंग आणि बाऊल यांच्यावर खुणा असतात, त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. आटे झिजले की ती खूण हळूहळू पुढं सरकत जाते. ठरावीक हद्दीपलीकडं गेली की ते बाऊल वापरातून काढायचं. चकत्यांचा ढीग सैल झाला असेल तर वरून एखादी चकती जादा घालतात. शेवटी ब्रेक सोडला का हे बघून यंत्र आधी तेल न सोडता नुसतं फिरवतात. करंट वाढतो आणि काही मिनिटांनी उतरून स्थिर होतो. उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला तर पुन्हा थांबवायचं.

यातला धोका सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नियमानं जहाजाच्या इंधनाचा पेट घ्यायचा बिंदू 60 अंशांच्या खाली नसावा लागतो. आणि आपण ते तापवतो 98 पर्यंत. म्हणजे एखाद्या पाइपाच्या सांध्यातून बारीक फवारा उडाला आणि गरम लोखंडावर पडला, तर आग. म्हणून प्युरिफायरची खोली वेगळी ठेवतात, खाली ट्रे असतो, आणि तिथली गळती पुसायची चिंधी कधीच वाळत टाकून ठेवत नाहीत. माझं मत विचाराल तर तो ट्रे रोज पुसणारं पोरगं जहाजावर सर्वांत मोठी राखण करत असतं, पगारात मात्र ते दिसत नाही.

यंत्र सगळंच निवळतं असंही नाही. 2022 च्या सुरुवातीला सिंगापूरला साधारण दोनशे जहाजांनी भेसळीचं इंधन घेतलं, आणि त्यांपैकी ऐंशीच्या आसपास जहाजांना पंप-इंजिनाचा त्रास झाला. त्या तेलात विरघळलेली रसायनं होती. विरघळलेलं मीठ फडक्यानं गाळून निघत नाही, तसं विरघळलेलं रसायन फिरवून निघत नाही. त्यासाठी तेलाचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.

आता एवढा काढलेला गाळ जातो कुठं? समुद्रात टाकायला सक्त मनाई आहे. मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याप्रमाणं गाळ टाकीत साठवायचा, जहाजावरच्या भट्टीत जाळायचा किंवा बंदरावर द्यायचा. तळाचं पाणी बाहेर सोडायचं तरी त्यात तेल दहा लाखांत 15 भागांपेक्षा जास्त नसावं. प्रत्येक नोंद वहीत करायची, आणि ती वही शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं ठेवायची. तरी चोरी होते. एका मोठ्या प्रवासी जहाजावर लपवलेल्या पाइपातून तेलकट पाणी समुद्रात सोडत होते. 2013 मध्ये तिथं नव्यानंच लागलेल्या एका इंजिनियरनं ते पाहिलं आणि कळवलं. प्रिन्सेस क्रूझ लाइन्स या कंपनीनं त्यासाठी 2016 मध्ये चार कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं.

हे समुद्राचं झालं. आपल्या पट्ट्यात गॅरेज आहेत, वर्कशॉप आहेत, आणि काळं तेल स्वस्तात मिळतं. घराच्या खांबांना वाळवीसाठी लावतात, कुणी जनावराच्या जखमेवरही लावतात. मैत्रिणींनो, जळलेल्या इंजिन तेलात धातूंचे कण आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. जनावराला लावू नका, हातांनी चोळू नका. रिकामा झालेला तेलाचा कॅन कितीही धुतला तरी पाण्याला किंवा खाद्यतेलाला घेऊ नका. वापरलेलं तेल 2016 च्या घातक कचरा नियमांत येतं. गॅरेजवाल्यानं ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं असतं. ओढ्यात सोडताना दिसला तर ग्रामसभेत विषय मांडता येतो, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं लेखी तक्रार करता येते.

आणि ज्या ताईंची मुलं-मुली या कामाकडं वळताहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. मुलींनीही जावं. सोनाली बॅनर्जी 1999 मध्ये मरीन इंजिनियर झाल्या, भारतातल्या पहिल्या महिला. जहाजावर नोकरी लावून देतो म्हणून कुणी दारात आला तर आधी त्याचा आरपीएसएल क्रमांक मागा. हा भारत सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना असतो, आणि तो खरा आहे का हे त्यांच्या संकेतस्थळावर मोबाइलवरसुद्धा बघता येतं. असा परवाना असलेल्या एजंटाला नोकरीसाठी मुलाकडून पैसे घेता येत नाहीत. कुणी लाखभर मागितले, पावती देणार नाही म्हणाला, किंवा "आधी दुबईला जा, कागद मागून येतील" म्हणाला, तर पैसे काढू नका, आणि गटाच्या कर्जातून तर मुळीच नको. कॉलेजात प्रवेश घ्यायचा असेल तर संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे का, हेही त्याच संकेतस्थळावर पाहून घ्या.